तांब्याचे अंग, तंबोऱ्याचा सूर

चवथीला घरी आलेल्या भाच्याने जेवणे झाल्यावर ओसरीवर बसून खिशातून एक वस्तू काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मामा, आधी नुसतं हातात धर." हात आपोआप खाली गेला, इतकी ती जड होती. साबणाच्या वडीएवढा तांब्याचा ठोकळा, एक कड तिरकी कापलेली, बाजूला दातेरी चाक. भाचा बोटीवर कामाला आहे. जपानच्या एका बंदरात बोट लागली असताना जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने हा म्युझिक प्लेअर घेतला. जुना असूनही लाखाच्या वर पडला, नवा घेतला असता तर दोन लाखांच्या पुढे गेला असता.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या देवळांमध्ये उत्सवी नाटकांना आणि भजनांना माईक आणि स्पीकर लावणारा माणूस. पंचवीस वर्षे हेच काम. त्यामुळे घरात आवाजासंबंधी काही निघाले की प्रश्न माझ्याकडे येतो. भाच्याचा प्रश्न सरळ होता. "यातून गाणं खरंच जास्त चांगलं ऐकू येतं, की ही वस्तू मला आवडलीय म्हणून तसं वाटतं?"

पावसामुळे पुढचे चार दिवस बाहेर पडायची सोय नव्हती. तेवढ्या वेळात आम्ही दोघांनी हा प्रश्न जमेल तितका तपासला.

आधी वस्तू समजून घेऊ. फोनमधून सिम, कॅमेरा आणि निरोपांचे ॲप काढून टाकले की जे उरते, जवळपास तोच म्युझिक प्लेअर. आत गाण्यांचा साठा असतो. गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. कानाला आकडे ऐकू येत नाहीत, कानाला हवेची थरथर लागते. आकड्यांची विजेची लाट करणारी चिप म्हणजे डॅक. ती लाट दुबळी असते, तिला इअरफोन हलवण्याइतके बळ देतो तो ॲम्प्लिफायर. मग इअरफोनमधला बारीकसा पडदा हलतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो. फाइल, डॅक, ॲम्प्लिफायर, इअरफोन, कान: एवढीच साखळी. तांबे, पोलाद, सोने यांपैकी काहीही या साखळीच्या रस्त्यात येत नाही, ते साखळीच्या भोवती असते. हे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते.

तरीही बाजार भोवतालच्या धातूवरच चढत गेला आहे. कोरियाच्या आयरिव्हर कंपनीने २०१२ मध्ये ॲस्टेल अँड कर्न या नावाने एके१०० हा प्लेअर काढला. २०१५ मध्ये त्याच घराण्यातला एके३८० आला ३,४९९ डॉलरला. २०१७ चा एसपी१००० पोलादी आणि तांब्याच्या अशा दोन अंगांत मिळू लागला. २०२२ च्या एसपी३००० ला ९०४एल जातीचे पोलाद वापरले, म्हणजे रोलेक्स घड्याळांच्या पेट्या ज्याच्या करतात ते. सोनीने २०१६ मध्ये एकाच पिढीचे दोन वॉकमन काढले. एकाचे अंग ॲल्युमिनियमचे, वजन २६७ ग्रॅम, अमेरिकेत किंमत १,२०० डॉलर. दुसऱ्याचे अंग शुद्ध तांब्याचे आणि वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम, किंमत ३,२०० डॉलर. डिजिटल भाग दोन्हींत जवळपास सारखा. सोनेरी मॉडेलमध्ये साठा दुप्पट, आतल्या काही तारा आणि रेझिस्टर वेगळे, आणि बाकी फरक अंगाचा.

तांब्याच्या अंगाला कंपन्या कारण देतात ते भौतिकशास्त्राचे असते, म्हणून ते तपासता येते. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा वीज चांगली वाहून नेते, साधारण दीडपट किंवा किंचित जास्त. सर्किटची जमीन, म्हणजे आम्ही साऊंडवाले ज्याला अर्थ म्हणतो ती, अशा ठोकळ्यावर टेकवली तर ती अधिक स्थिर राहते असा दावा. दावा खोटा नाही, पण आकडे बघावे लागतात. हाताएवढ्या लांबीच्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीचा विरोध ओहमच्या लाखाव्या हिश्श्यांत मोजावा लागतो, दोन-तीन लाखांश इतकाच. तांब्याचा त्याहून थोडा कमी. इअरफोनचा विरोध असतो १६, ३२ किंवा ३०० ओहम. भरलेल्या विहिरीतून एक थेंब काढला की दोन, याने पातळी बदलत नाही.

धातूच्या पेटीचा एक फायदा मात्र अगदी खरा आहे. भजन रंगात आले असताना कोणी मोबाइल मिक्सरजवळ ठेवला की स्पीकरमधून टर्र-टर्र आवाज येतो, हे गोव्यातल्या प्रत्येक साऊंडवाल्याला ठाऊक आहे. रेडिओ लहरी तारांत शिरतात. प्लेअरभोवती धातू असला की त्या अडतात. पण त्यासाठी साधे ॲल्युमिनियमसुद्धा पुरते.

आता फाइलकडे येतो, कारण महागडे प्लेअर विकताना सगळ्यात मोठ्या अक्षरांत फाइलचेच आकडे लिहिलेले असतात. १९२ किलोहर्ट्झ, ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिचा आकडा ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट आहे. म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा लाटेची उंची मोजायची आणि प्रत्येक उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवायची.

भाच्याला वाटत होते की अशा मोजमापात लाट जिन्यासारखी तुटक होते आणि जास्त आकड्यांनी ती गुळगुळीत होते. पुष्कळ जणांना हेच वाटते, आणि जाहिरातीतली चित्रेही तशीच काढलेली असतात. मी त्याला अंगणातली ठिपक्यांची रांगोळी दाखवली. ठिपके ठरले आणि रेघ किती जोरात वळू शकते याचा नियम ठरला, की त्या ठिपक्यांतून जाणारी रेघ एकच निघते. मधे आणखी ठिपके भरले म्हणून ती रेघ बदलत नाही, ती आधीच पूर्ण ठरलेली असते. ध्वनीचा नियम असा की सर्वांत वरच्या सुराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त ठिपके घेतले की लाट जशीच्या तशी परत मिळते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हे सिद्ध करून मांडले. डॅक ठिपके जिन्यासारखे जोडत नाही, ती एकच शक्य असलेली रेघ काढतो. तरुण, निरोगी कानाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, आणि ४४,१०० चे अर्धे होतात २२,०५०. वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. पन्नाशीनंतर बहुतेकांना चौदा हजारांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. माझेही तसेच आहे.

बिटांचे गणित याहून सोपे. एक बिट वाढला की सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ६ डेसिबेलने वाढते. १६ बिट म्हणजे ९६ डेसिबेल. रात्री निजानीज झाल्यावरही खोलीत तीसेक डेसिबेल असतात. त्यावर ९६ चढवले तर १२६ होतात, आणि तिथे कान दुखतो. म्हणजे ऐकण्यासाठी १६ बिट पुरतात. ध्वनिमुद्रण करताना मात्र मी नेहमी २४ बिट ठेवतो. मंद्रात गुणगुणणारा गायक तार षड्जावर एकदम कधी झेपावेल ते सांगता येत नाही, आणि आवाज फाटू नये म्हणून वर बरीच मोकळी जागा राखावी लागते. ती जागा २४ बिटांत मिळते. गाणे तयार होऊन ऐकणाऱ्याकडे येते तेव्हा तिचे काम संपलेले असते.

मग जास्त आकड्यांच्या फाइलींतला फरक कोणालाच कळत नाही का? यावर नीट काम झालेले आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च दर्जाचे मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले मुद्रण श्रोत्यांना न सांगता ऐकवले. ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांतले साडेबारा हजारांहून जास्त प्रयत्न एकत्र करून पाहिले. बरोबर उत्तरे निघाली ५२.३ टक्के, आणि प्रशिक्षित कानांची त्याहून बरीच सरस. म्हणजे कोणाला काही थोडे कळत असावे. पण ज्याच्यासाठी दोन लाख मोजावेत असा तो फरक नाही, आणि ज्यांना तो कळतो असे वाटते त्यांनी एकदा डोळे झाकून खात्री करून घ्यावी.

इथे मला आमच्याच तालुक्यातल्या केरीची गोष्ट सांगावीशी वाटते. १८९२ मध्ये केरीला जन्मलेल्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीतल्या गायनाची साडेतीन मिनिटे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती ज्या तबकडीवर कोरलेली आहेत ती बारा इंची तबकडी तांब्याची आहे आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. म्हणजे धातूची तीच जोडी जी त्या सोनेरी वॉकमनला आहे. सोने काळवंडत नाही, तांब्याला ते वर्षानुवर्षे राखते. पण त्या तबकडीवरचा आवाज आला कुठून? ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डवरून. तिच्यात खरखर आहे, वरचे सूर छाटलेले आहेत, एका बाजूत साडेतीन मिनिटांहून फार जास्त मावत नव्हते म्हणून गाणेही आखडते घेतलेले आहे. ते मुद्रण ३८४ किलोहर्ट्झच्या फाइलीत भरले तरी रेकॉर्डमध्ये जे कधी नव्हतेच ते येणार नाही. आणि तरीही तो आवाज लागला की मी हातातले काम खाली ठेवतो. मुद्रण करणाऱ्याने माईक कुठे ठेवला आणि गाणारी कोण होती, यांच्यापुढे प्लेअरचा क्रमांक फार खाली लागतो.

फाइलीत काही बघायचेच असेल तर एवढे बघा. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) एमपी३ मध्ये कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, झणत्कार चिरडल्यासारखा होतो, तो ओळखता येतो. ३२० वर ओळखणे फार कठीण. फ्लॅक फाइलीत काहीच गळत नाही आणि जागाही सीडीच्या मानाने साधारण अर्धीच लागते.

आता जिथे प्लेअर-प्लेअरमध्ये खरोखर फरक पडतो तो भाग. याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, कारण तो दिसत नाही.

पहिली गोष्ट ताकद. इअरफोनला मिळणारी ताकद म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले विरोध. प्लेअर किंवा फोनला लावायचा छोटा डॅक (अशा डबीत ॲम्प्लिफायरही असतो) १ व्होल्ट देत असेल तर ३२ ओहमच्या इअरफोनला ३१ मिलिवॉट मिळतात, हे भरपूर झाले. पण सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन लावला तर त्याच १ व्होल्टवर त्याला जेमतेम ३.३ मिलिवॉट मिळतात. विलंबित ख्याल हळू आवाजात मुद्रित केलेला असेल तर चाक शेवटपर्यंत फिरवूनही मन भरत नाही. अशा वेळी ४ व्होल्ट देणारा प्लेअर सोळा पट ताकद देतो आणि गाणे मोकळे होते. हा फरक खरा, कानाला लगेच कळणारा. फक्त तो ॲम्प्लिफायरचा आहे, आणि ॲम्प्लिफायर प्लॅस्टिकच्या डबीतही बसतो.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे, पण समजून घेण्यासारखी. गच्चीवरच्या टाकीतून बारीक पाइप खाली आला असेल तर एक नळ उघडल्यावर पाणी जोरात येते, तीन उघडल्यावर धार मरते. पाइप रुंद असला तर कितीही नळ उघडा, दाब टिकतो. प्लेअरच्या बाहेर येणाऱ्या वाटेचाही असा अंगचा विरोध असतो. आता मौज अशी की कित्येक महागड्या इअरफोनांचा विरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. एका सुराला ३० ओहम, दुसऱ्याला ५ ओहम. म्हणजे काही सूर एक नळ उघडतात आणि काही सहा. प्लेअरचा विरोध १० ओहम असेल तर या दोन सुरांच्या जोरात ७ डेसिबेलचा फरक पडतो. गाण्याचा रंगच बदलतो. प्लेअरचा विरोध १ ओहम असेल तर हाच फरक १.३ डेसिबेलवर येतो. म्हणून प्लेअर घेताना माहितीपत्रकात हा आकडा शोधा. तो जितका लहान तितका चांगला, १ ओहमच्या खाली असला तर उत्तम. तो शोधायला लागते पाच मिनिटांचे वाचन. हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या, फोनला लावायच्या काही इवल्या डॅकमध्येही तो १ ओहमच्या खाली असतो, आणि काही भारी यंत्रांत तो बराच वर असतो.

काही प्लेअर मुद्दामच रंग बदलतात. २०२१ च्या ॲस्टेल अँड कर्न एसपी२०००टी मध्ये कोर्ग कंपनीची न्यूट्यूब नावाची छोटी व्हॅक्यूम ट्यूब आहे. ट्यूबमुळे सुरात थोडी भर पडते, मूळ लाटेत नसलेले काही उपसूर मिसळतात. कोणाला ते ऊबदार वाटते. मला यात काही गैर दिसत नाही, आमटीत कोकम जास्त घालणाऱ्याला आपण चुकीचा म्हणत नाही. त्याला फक्त शुद्ध म्हणू नये.

एवढे बोलून झाल्यावर भाचा म्हणाला, "ठीक आहे मामा, पण मला फरक ऐकू येतो." मग आम्ही मांडामांड केली.

एका बाजूला तांब्याचा प्लेअर, दुसऱ्या बाजूला त्याचाच फोन आणि हजार रुपयांचा डॅक. गाणे मीच मुद्रित केलेले: चवथीची घुमट आरती, त्यात घुमट (मातीचे चर्मवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे वाद्य) आणि कासाळे. आणि एक तंबोरा, नुसता, पाच मिनिटे. तंबोरा मी मुद्दाम निवडला. जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणारी झणझण, नीट लागलेल्या तंबोऱ्यात एका तारेतून किती स्वर उमलतात ते ज्याने जवळ बसून ऐकले आहे, त्याला त्यात काही कमी-जास्त झाले तर इतर कशाहून आधी कळेल.

पहिल्या फेरीत भाच्याने दर वेळी प्लेअर अचूक ओळखला. तो खूश झाला. मग मी मल्टिमीटर काढला. तांब्याचा प्लेअर बॅलन्स्ड जोडणीवर होता, म्हणजे प्रत्येक कानाची तार दोन्ही टोकांनी उलटसुलट चालवणाऱ्या जोडणीवर, आणि अशा जोडणीत व्होल्टेज दुप्पटही होऊ शकते, म्हणजे ६ डेसिबेलपर्यंत जास्त आवाज. आपला कान थोड्या मोठ्या आवाजाला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. खालचे सूर भरदार वाटतात, बारकावे उघडे पडल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवले की आवाज लहान-मोठा केला की कानाला मंद्र सुरांचे प्रमाणही बदललेले वाटते. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणला पाहिजे, आणि ते कानाने जमत नाही. आम्ही १०० हर्ट्झचा सलग स्वर वाजवला, इअरफोन लावलेला ठेवूनच व्होल्टेज मोजले आणि एका टक्क्याच्या आत जुळवले. १०० हर्ट्झ अशासाठी की साधे मल्टिमीटर उंच सुरांवर चुकते.

मग भाच्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला. मी नाणे उडवून ठरवायचो कोणता वाजवायचा, कागदावर लिहून ठेवायचो, तो उत्तर द्यायचा. सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून बारा ही आमची रेघ ठरली होती. त्याची नऊ बरोबर आली. दुसऱ्या दिवशी मी बसलो आणि त्याने नाणे उडवले. माझी सात.

नंतर त्याने सोबत आणलेला ३०० ओहमचा हेडफोन लावला, तेव्हा मात्र फोनचा डॅक मोठ्या आवाजाला धापा टाकू लागला आणि तांब्याचा प्लेअर सहज चालत राहिला. पण भाचा रोज जो इअरफोन कानात घालतो त्यासाठी दोन्ही सारखेच निघाले. त्याच इअरफोनची सिलिकॉनची बोंडे बदलून मोठी घातली, कानाची फट बुजली, आणि घुमटाचा घुमारा एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटला. त्या बोंडांची किंमत शंभर रुपयेसुद्धा नाही. माझे अनुभवाचे म्हणणे हेच आहे: शंभर रुपये असोत की लाख, आधी कानाजवळच्या वस्तूवर खर्च करा. इअरफोन, मग त्याची बोंडे, मग थोडेसे इक्वलायझर, म्हणजे मंद्र-तार सुरांचे प्रमाण कमी-जास्त करायची सोय. ताकद कमी पडते असे दिसले तरच ॲम्प्लिफायर. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा ८० डेसिबेलला आठवड्याला चाळीस तास अशी आहे. माझ्या धंद्यातल्या किती जणांचे कान चाळिशीत गेले ते मी पाहिले आहे.

मग घडणीचे काय? एवढी सुंदर वस्तू, तिचे मोल शून्य का?

अजिबात नाही. वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये आला तेव्हा टेप वाजवणारी आणि मुद्रण करणारी यंत्रे आधीपासून होती. वॉकमनमध्ये तर मुद्रणाची सोयच नव्हती. निळ्या-चंदेरी रंगाची, चालताना पट्ट्याला अडकणारी, दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून दोन भोके असलेली ती डबी लोकांनी उचलली ती तिच्या आकारासाठी आणि सुटसुटीतपणासाठी. २००१ चा आयपॉड चालला तो चाकामुळे. अंगठा फिरवत हजार गाण्यांतून जाता येत होते. उलट २०१४ मध्ये गायक नील यंग यांचा पोनो प्लेअर उत्तम आवाजाचे वचन घेऊन आला, लोकांनी आगाऊ ६० लाखांहून जास्त डॉलर दिले, पण त्याचा आकार तिकोनी होता, खिशात तो सुखाने बसत नसे, आणि तो फार वर्षे टिकला नाही. हातातल्या वस्तूला हाताचे न्याय लागू होतात.

भाच्याच्या प्लेअरचे चाक मी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. प्रत्येक दाता बोटाला जाणवतो, ढिलाई कुठे नाही. असे चाक करायला चांगला कारागीर आणि चांगले यंत्र लागते, आणि त्याचे पैसे लागतात. सराफाकडे आपण घडणावळ वेगळी लिहून घेतो. सोन्याचे पैसे वेगळे, घडणावळ वेगळी. महागड्या प्लेअरच्या बिलात घडणावळ असतेच, ती फक्त आवाजाच्या खात्यात लिहिलेली असते. माझी तक्रार एवढीच आहे. वस्तू देखणी आहे म्हणून घ्या, अभिमानाने घ्या. पण कोणा मुलाला पहिल्या पगारातून असे वाटू नये की एवढे पैसे नाहीत म्हणून आपल्याला किशोरीताई किंवा अभिषेकीबुवा अर्धेच ऐकू येतात. हे मला फार लागते. ते पूर्ण ऐकू येतात, हजार रुपयांतही.

घडणावळीचा विचार करताना एक फरक मात्र सराफाकडच्या वस्तूंशी आहे. पाटल्या आजीकडून नातीकडे जातात. चांगले घड्याळ मुलाच्या मनगटावर चालते. प्लेअरच्या पोटात लिथियमची बॅटरी आहे, काही शे वेळा पूर्ण भरल्या-उतरल्यावर ती थकू लागते, आणि अशा बंद अंगात ती बदलणे घरचे काम नाही. आतली अँड्रॉइड काही वर्षांनी जुनी होते, गाण्यांची ॲप तिच्यावर चालेनाशी होतात. पोलादाचे अंग शंभर वर्षे राहील, आतले दहा वर्षे राहिले तर नशीब. घेताना विचारा: बॅटरी कोण बदलून देणार, कुठे, कितीला?

आणि गोव्याची हवा. खारी, दमट, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांवर बुरशी आणणारी. भाच्याचा प्लेअर जपानमध्ये नव्या दमडीसारखा लाल होता. इथे आठ दिवसांत तपकिरी झाला, कडांना काळा. सोन्याचा मुलामा असता तर हे झाले नसते. मुलाम्याचे खरे काम तेच. खुल्या तांब्यावर पापुद्रा धरतो तो ऑक्सिजन, दमटपणा आणि मीठ यांचा. आवाजाला त्याने काही होत नाही, पण जोडणीच्या भोकात तोच प्रकार झाला तर खरखर येते. म्हणून पावसाळ्यात प्लेअर आणि इअरफोन झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नयेत, बॅटरी फुगते.

आई हे सगळे बघत होती. तिने प्लेअर उचलून उजेडात धरला. "काळा पडलाय रे. चिंच लाव आणि घास, तांब्याचा आहे ना?" आमच्याकडे घागरी, तपेली, सगळे चिंचेनेच लखलखीत होते. तिला समजावले की आत वीज आहे, आंबट पाणी आत गेले तर तो कायमचा मुका होईल. कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे, एवढेच.

भाचा गेल्या महिन्यात बोटीवर परतला. जाताना बॅगेत फोन, छोटा डॅक आणि मोठी बोंडे लावलेला इअरफोन घेऊन गेला. बोटीवर वजन आणि दमटपणा दोन्हींचा त्रास, म्हणून प्लेअर घरीच राहिला. मी तो एका छोट्या स्पीकरला जोडून आईच्या खाटेशेजारी ठेवला आहे. फोनच्या काचेवर तिची बोटे चालत नाहीत, संधिवात आहे. हे चाक तिला जमते. संध्याकाळी दिवे लागले की ती अंधुक उजेडात न बघता हात नेते, तीन दाते फिरवते आणि अभंग लावून जप करत बसते. तांबे आता सगळे काळपट झाले आहे. फक्त चाकाची कड, जिथे तिचा अंगठा लागतो, तेवढी लाल, झगझगीत राहिली आहे.